आडव्या बोअरच्या तोंडाशी

१५ डिसेंबर २०२४

सरलाबाईंनी आज सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत चार बायकांदेखत माझं मनगट दोन बोटांत धरलं आणि दाबून पाहिलं. बाजारात काकडी दाबतात तसं.

"देखा व बाई, हात काडीनागत शेतस. मंग हाई पोट कथाईन ऊनं?"

पोट कुठून आलं या प्रश्नावर बायका हसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "घोडी लेताना बी लोके पोट देखतसच ना."

सरलाबाई म्हणजे हेमकांतची आई, माझी होणारी सासू; त्यांचं घर सारंगखेड्यातच. हेमकांत शेजारीच उभा होता. तो एका पांढऱ्या घोडीकडे बघत राहिला. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचा साखरपुडा झाला तेव्हा मी अशी नव्हते, हे त्यालाही माहीत आहे. 

घरी येऊन पाहिलं तर मनगटावर सरलाबाईंची बोटं जांभळी उमटली आहेत. हल्ली जरासं लागलं तरी असं होतं. चेहरा तांबडा आणि गोल झालाय, मानेमागे मांसाचा गोळा आलाय, पोटावर केळीच्या सोपावर असतात तसे जांभळे पट्टे, हनुवटीवर केस. त्या केसांना पोरं हसली म्हणून मी शहाद्याची शिकवणी सोडली. आंघोळ मी डोळे मिटून उरकते. लोकांना माझी किळस येते याचा राग नाही, कारण मलाही येते. राग दाबून पाहिल्याचा आहे.

राखीच्या सुमारास नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा रोग ओळखला. कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सगळ्यांच्या शरीरात असतं, माझ्यात ते फार तयार होतं. त्यांनी ते दाबणाऱ्या गोळ्या दिल्या. दिवाळीपर्यंत चेहरा थोडा उतरला, माय शेजारणींना बोलावून दाखवायची. पण या महिन्याच्या सुरुवातीला सुरतेच्या डॉक्टर मॅडमनी गोळ्या बंद केल्या. गोळ्यांनी रोग नुसता दबतो, मूळ तसंच राहतं. मूळ शोधायची तपासणी संक्रांतीनंतर आहे, आणि त्या वेळी रोग अंगात उघडा हवा. म्हणजे मी आणखी सुजणार.

सुरतेहून येताना गाडीत माय चिंचपाड्यापासून नंदुरबारपर्यंत पदर तोंडाला लावून बसली होती. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी तिनं मेथी भाजायला घेतली. थंडीचे लाडू. सकाळी एक, संध्याकाळी एक, तिच्यासमोर बसून खायचा.

१९ डिसेंबर

वडिलांना, आप्पांना, तपासणी समजावून सांगितली. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. तिच्यावर गाठ आली तर ती रक्तातून सारखा हुकूम सोडते की कॉर्टिसोल बनवा, आणखी बनवा. माझ्या एमआरआयमध्ये गाठ धड दिसत नाही. असा हुकूम सोडणारी गाठ छातीत किंवा पोटातही असू शकते. म्हणून दोन्ही जांघांच्या शिरांतून बारीक नळ्या वर कवटीच्या तळापर्यंत नेतात, ग्रंथीचं रक्त जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत. मग डावीकडचं, उजवीकडचं आणि हाताच्या शिरेतलं रक्त एकदम काढायचं. वरच्या रक्तात हुकूम फार जास्त निघाला तर गाठ डोक्यात, मग नाकातून ऑपरेशन. नाही निघाला तर गाठ दुसरीकडे शोधायची.

आप्पा भाकरी मोडत ऐकत होते. आमच्या विहिरीच्या आतल्या भिंतीत चारी दिशांना आडवे बोअर मारलेले आहेत. म्हणाले, "मंग हाऊ आडवा बोरनाच प्रकार शे. आपली हीर खारी व्हयनी तधळ काय करं व्हतं? हीरनं पानी चाखीसन काय समजस, ते बठ्ठं मिसळेल. खाले उतरनू, एकेक बोरना तोंडले वाटी लावी आनि चाखं. दखनना बोर खारा निंघना. त्याले बूच मारं."

"आप्पा, माझ्या डोक्यात बूच नाही मारणार, गाठ काढणार."

"तेच ते. पन वाटी बरोबर तोंडले लागाले पाहिजे."

मॅडमनी बजावलंय की तोवर कुठलीही गोळी, मलम, पुडी, काढा घ्यायचा नाही. मी बाम टाकून दिला. चेहऱ्याची क्रीम भूमिका वहिनीला दिली. सत्यनारायणाच्या तीर्थात काय काय घातलंय ते विचारून मगच घेतलं. माय म्हणाली, "इतलं काय भेवानं व? देवना तीर्थले बी तपासस का?"

तपासते. मला लहानपणी दमा होता, त्यामुळे सात वर्षांची होईपर्यंत मायनंच मला घरी शिकवलं. ओट्यावर खडूनं अक्षरं काढायची. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, पण धड्याला बसली की ती पुस्तकातल्यासारखं बोलायची: "जे सांगितले आहे ते पूर्ण करावे." तिची शिकवण आहे ही, आणि आता तीच मला हसते.

२७ डिसेंबर

आज आप्पांनी माझ्या डब्यातला लाडू उचलला. माय चुलीपासून उठून धावली आणि त्यांच्या हातातून हिसकून घेतला. तोंडातला घाससुद्धा थुंकायला लावला.

"लाज नही का? साखर शे ना तुम्हले!"

"अवं, लाडू शे का तिजोरी? चोर धरानागत काय करस!"

वहिनीलाही त्या डब्याला हात लावायची परवानगी नाही. तिच्यासाठी आणि भावेशदादासाठी दाण्याचे लाडू वेगळे. वहिनी भांडी घासता घासता म्हणाली, "लाडकी लेकना लाडू. आम्हले काय, दाना कुटा नि खावा."

मी तिला माझे सगळे आनंदानं दिले असते. मेथी कडू असते हे मला कळतं. पण हा कडूपणा जिभेच्या मुळाशी खडूसारखा चिकटतो, थोड्या वेळानं तोंडाला पाणी सुटतं आणि मळमळ दिवसभर जात नाही. काल मोरीत ओकले. तूप खवट असेल असं मायला म्हटलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी माफी मागितली आणि दुसरा खाल्ला. अन्नाला नावं ठेवू नयेत. तो गिळताना मी भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. पाल कमी किळसवाणी वाटली.

४ जानेवारी २०२५

चेहरा उतरतोय. सुजायला हवा होता. वहिनी म्हणते लाडू मानवले.

मी काही चुकीचं करतेय का? सगळं पुन्हा तपासलं. साबण तोच. तेल साधं खोबऱ्याचं. दंतमंजनाची डबी वाचली.

९ जानेवारी

सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करून द्यायची आहे, आणि कॅन थंड ठेवायचा. घरात फ्रिज एकच.

वहिनीनं दूध काढायला दार उघडलं आणि किंचाळली. "ताई! दूधना शेजारे हाई? मी च्या कशी करू?"

मी कॅन दोन पिशव्यांत बांधला होता, वरून कापड गुंडाळलं होतं. तरी ती दूध शेजाऱ्यांच्या घरी ठेवायला गेली. माझ्या कॅनच्या वरच्या कप्प्यात गोमूत्राची बाटली आहे, आप्पा रोज सकाळी झाकणभर घेतात. मी म्हटलं, "ती बाटली चालस ना तुले?" तर म्हणाली, "ती गायनी शे."

मी गाय नाही. बरोबर आहे.

प्रत्येक वेळी ती पिशवी सोडताना मला वाटतं की या घरात मी माणूस नाही, एक भांडं आहे, त्यात काय साठतं ते सगळे नाक धरून बघतात. पण एकही वेळ चुकवली नाही. सांडू दिली नाही. मायनं मात्र आज कॅनकडे पाहून विचारलं, "यामा काय काय समजस व? खायेल-पियेल बठ्ठं समजस का?"

मी म्हटलं, खाल्लेलं नाही, हार्मोन समजतं.  संध्याकाळचा लाडू तिनं दिला नाही. मला बरंच वाटलं.

१५ जानेवारी, सुरत

रागानं अक्षर वाईट येतंय.

काल दाखल केलं, रक्त घेतलं. आज सकाळी एक नर्स आली, चादर वर केली आणि एक शब्द न बोलता जांघेतले केस काढले. कोंबडी साफ करतात तशी. कोरडं ब्लेड होतं. त्या पट्ट्यांवर, त्या पोटावर तिची नजर एकदा थांबली आणि मग तिनं तोंड फिरवून शेजारणीशी पतंगांच्या गोष्टी सुरू केल्या, काल उत्तरायण होतं ना. मी छताकडे बघत पडून राहिले. मनात म्हटलं, होऊ दे, आज होऊन जाईल.

नळ्या घालणारे डॉक्टर रायसिंग धडगावकडचे आहेत. आमचं बोलणं ऐकून अहिराणीतच म्हणाले, "भिऊ नको ताई, झोपाडनार नही तुले, जागीच ऱ्हाशी." मायनं त्यांचं आडनाव विचारलं, आणि ते आदिवासी आहेत हे कळल्यावर पदर सावरून थोडी मागे सरकली. मला तिचीही लाज वाटली. त्यांनी पाहिलं असणार.

मग मॅडम आल्या, हातात कागद. तपासणी रद्द. रक्तातलं कॉर्टिसोल जवळपास नॉर्मल, लघवीतलंही. वर लिव्हरचा रिपोर्ट बिघडलेला.

"बेटा, सच बताओ. कोई दवा ली है? पुडिया, क्रीम, कुछ भी?"

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. रोग दबलेला असताना हे रक्त काढलं तर उत्तर खोटं येईल, गाठ नसेल तिथे दिसेल, आणि मग नाकातून ऑपरेशन उगाच करावं लागेल. म्हणून खरं सांग. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "आप के उधर लोग कुछ भी खा लेते हैं, फिर बोलते नहीं."

मी कधी शपथ घेत नाही. आज देवमोगरा मातेची शपथ घेतली, कापलेल्या जांघांवर चादर ओढून, त्या बाईसमोर. मायसुद्धा म्हणाली, "काहीच नही खात मॅडम. घरनंच जेवन." ती बोलताना माझ्या पायाकडची चादर सारखी करत होती.

मॅडमच्या चेहऱ्यावर विश्वास नव्हता. मला खोटारडी ठरवलं. इतके दिवस मी दंतमंजनाच्या डब्या वाचल्या त्या यासाठी.

१७ जानेवारी

घरी. माय सकाळपासून गुणगुणतेय. सरलाबाईंचा फोन आला, ती स्पीकरवर लावून बोलली.

"पोर बरी व्हई गयी ना? मंग टोचाटोची काब्र?"

"मॅडमच म्हणी ना, रिपोर्ट चांगला शे."

मॅडम असं म्हणाल्या नव्हत्या. म्हणाल्या, रोग आपोआप दबला असेल तर तो कधीही वर येईल, आणि हाडं, हृदय, सगळं खाईल. मी मायला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, आखाजीनंतरचा मुहूर्त निघतोय, तोंडातून वाईट काढू नको.

सरलाबाई शेवटी म्हणाल्या, "आते हेमकांतनं मन बी लागी." म्हणजे इतके दिवस लागत नव्हतं. माझ्या गालांच्या घेरावर त्याचं मन अवलंबून आहे. आणि लिहायला लाज वाटते, पण हे ऐकून मला आनंद झाला. त्या आनंदाचीच आता जास्त किळस येतेय.

२६ जानेवारी

आता लाडू तोंडाजवळ आणला तरी मी तोंड फिरवते. नुसत्या वासानं. मायला दुखवायचं नाही आणि खाववतही नाही. म्हणून आज पदराआड धरला आणि गोठ्यात नेऊन म्हशीच्या ढेपेत कुस्करला. फेकला नाही, म्हणजे अन्न वाया गेलं नाही. तरी चोरी ती चोरीच.

८ फेब्रुवारी

मळमळ थांबली. जेवण जातं. पण चेहरा पुन्हा फुगला आहे, आणि दार लागलं तर दंडावर हे एवढं काळंनिळं. जिना चढताना मांड्या साथ देत नाहीत, गुडघ्यावर हात रोवून उठावं लागतं. हनुवटीवर पुन्हा खरखर.

माय माझ्याकडे पाहते आणि तिचा चेहरा पडतो. आज विचारलं, "लाडू खास ना बरोबर?"

"खाते."

सरळ तोंडावर खोटं बोलले. उद्यापासून लाडू मोठे करते म्हणाली.

१२ फेब्रुवारी

चार दिवस ते खोटं घेऊन फिरत होते. आज दुपारी माय गहू निवडत होती, तिच्यासमोर बसले आणि सांगितलं: माय, मी लाडू खात नाही. पंधरवड्यापासून म्हशीला घालते.

मला वाटलं ती रडेल. ती उठली, सूप उलटं झालं, गहू सांडले.

"म्हैसले? अरे देवा! गाभन शे ना ती!"

आणि अनवाणी गोठ्याकडे पळाली. मी मागे गेले. ती म्हशीच्या पोटाला हात लावून बघत होती, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघत होती. मी दारात उभी राहिले. मेथीच्या लाडवानं गाभण म्हशीला काय होणार?

मी विचारलं.  मी पुन्हा विचारलं, अगदी मॅडमसारखं. मग ती शेणातच बसली आणि धड्याला बसायची त्या भाषेत बोलायला लागली. पंधरा-सोळा वर्षांत ती माझ्याशी तसं बोलली नव्हती.

"त्या गोळ्यांनी तुला गुण आला होता. त्या बाईने बंद केल्या. तुझे तोंड पुन्हा तसे झाले असते आणि ती माणसे निघून गेली असती. मी गोळ्या कुटून घातल्या. भावेशला सांगितले की चालू ठेवायच्या आहेत, त्याने आणून दिल्या. मी तुझ्या जिवावर उठले नव्हते, नूतन."

म्हणजे थुंकायला लावलेला आप्पांचा घास. वहिनीचे वेगळे लाडू. कॅन भरत होते त्या संध्याकाळी न दिलेला लाडू. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी साबण तपासत बसले.

मी गव्हाणीजवळ ओकले. पोटात लाडू नव्हता, तरी ओकले.

१३ फेब्रुवारी

म्हैस ठीक आहे. आप्पांनी गुरांच्या डॉक्टरला बोलावून दाखवलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

माझी भाकरी मी वेगळी करून खाल्ली.

१६ फेब्रुवारी

माय म्हणते मॅडमना सांगू नको. "म्हणतीन, मायनीच जहर दिन्हं." तिचे हात पाहिले की मला ते मेथीत गोळ्यांची भुकटी मळताना दिसतात. ती वाईट नाही हे मला कळतं. पण तिचा हात ताटाजवळ आला की मी ताट ओढून घेते.

न सांगणं म्हणजे आणखी एक लाडू खाणं. मी फोन केला आणि सगळं सांगितलं. मॅडमनी गोळ्या किती दिवस पोटात गेल्या ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, आधी लिव्हर तपास, तपासणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. त्या रागावल्या नाहीत, "मैंने कुछ ज़्यादा बोल दिया था" असंही म्हणाल्या. मला ते ऐकवेना. त्या दिवशी त्यांचंच बरोबर होतं. देवमोगरा मातेची घेतलेली माझी शपथ खोटी होती. मला माहीत नव्हतं म्हणून ती खरी होत नाही.

मग हेमकांतला फोन केला. त्यालाही कळायला हवं. मी पुन्हा सुजले आहे, तपासणी, मग ऑपरेशन, आखाजीनंतरचं लग्न जमणार नाही. तो विचार करून म्हणाला, आवाज चांगला होता त्याचा, प्रेमळ:

"मंग लगनलोग गोळ्या चालू ठेव ना. फोटो-बिटो व्हई जाऊ दे. मंग कर तपासनी निवांत."

"माझं लिव्हर बिघडलंय त्या गोळ्यांनी."

"अवं, दोन महिनाना तं प्रश्न शे."

मायनंही हेच केलं होतं. तिनं केलं तेव्हा मला ओकारी आली. यानं म्हटलं तेव्हा काहीच झालं नाही, नुसता फोन ठेवला. असं का, ते मला समजत नाही.

आप्पांना सांगितलं की मोडा. ते सारंगखेड्याला जाऊन मोडून आले. परत आल्यावर हातपाय धुतले आणि म्हणाले, "तठे च्या बी नही लिधा मी."

२ मार्च

चेहरा पूर्ण गोल. डोळे बारीक दिसतात. मॅडम फोनवर म्हणाल्या, छान, असंच हवं. जगात मी एकटी असेन जिला सूज आल्याबद्दल शाबासकी मिळते.

मी चुलीपाशी गेले की माय बाहेर जाते. आज पीठ चाळून ठेवून गेली होती, माझे हात लवकर दुखतात म्हणून. मी ते पुन्हा चाळलं. नंतर बघते तर ती खिडकीशी उभी होती.

२९ मार्च

रिपोर्ट आला. गाठ डोक्यातच आहे. वरच्या रक्तात तो हुकूम हाताच्या रक्ताच्या कितीतरी पट निघाला, डावीकडे जास्त. बाजू पक्की सांगता येत नाही, पण सर्जन डावीकडून शोधायला सुरुवात करतील. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. आप्पा रिपोर्ट उलटसुलट करून म्हणाले, "दखनना बोर निंघना म्हणजे." त्यांना आनंद झाला की असं काही बोलतात.

तपासणीच्या दिवसाबद्दल मी आजवर लिहिलं नाही. लिहायचं नव्हतं. पण अर्धं लिहून ठेवणं बरोबर नाही.

पुन्हा तीच नर्स, तेच ब्लेड. या वेळी मी म्हटलं, पाणी लावा. तिनं लावलं. मग थंड खोली, टेबल, अंगावर हिरवी कापडं. डॉक्टर रायसिंगनी दोन्ही जांघांत सुया दिल्या. दुखलं ते तेवढंच. नंतर मात्र आत काहीतरी सरकतंय हे कळत होतं, पोटातून, छातीतून, मानेतून, बिळात साप जावा तसं, आणि दुखत नाही हेच जास्त ओंगळ होतं. ते म्हणाले, आता कानात आवाज येईल. आला. नळीतून औषध सोडलं की कानामागे पाट फुटल्यासारखा घों आवाज, आणि गरम वाफ जबड्यापर्यंत. मला वाटलं मी कापडात लघवी केली. केली नव्हती. तरी विचारलं. ते म्हणाले, "केली तरी काही नही ताई. फक्त डोकं हालावू नको."

मी हलवलं नाही. नाकावर खाज आली, डोळ्यांतून पाणी कानात गेलं, पण हलले नाही. डावं, उजवं, हात, असं ओरडत तिघं जण एकदम रक्त ओढत होते आणि रक्ताच्या कुप्या बर्फात खोचत होते. मग एक इंजेक्शन दिलं, ज्यानं गाठ चिडून आणखी हुकूम सोडते. चेहरा पेटला, हृदय गळ्यात आलं. पुन्हा डावं, उजवं, हात. माझंच रक्त, कुठल्या कोपऱ्यातलं ते लिहून घेतलेलं. आजवर ज्यांनी ज्यांनी मला चाचपलं त्यांतलं हेच एक चाचपणं होतं ज्यात कुणाला माझ्याबद्दल मत द्यायचं नव्हतं.

बाहेर आणल्यावर सहा तास उताणं पडायचं होतं. पाय वाकवायचे नाहीत, डोकं उचलायचं नाही, नाहीतर शिरा उघडतात. सकाळपासून उपाशी. आप्पा औषधं आणायला खाली गेले होते. नर्सनं सांगितलं, पेशंटला भरवा, आणि निघून गेली.

माय होती. तिनं धर्मशाळेच्या चुलीवर खिचडी करून आणली होती. डबा उघडला आणि ती तशीच उभी राहिली. मी पडल्या पडल्या छताकडे पाहिलं. गेला महिनाभर मी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आता मला उठता येत नव्हतं.

तिनं आधी एक घास स्वतः खाल्ला. माझ्या डोळ्यांसमोर धरून, नीट चावून, गिळून. मग तोंड उघडून दाखवलं, लहान मूल औषध घेतल्यावर दाखवतं तसं. ते मला बघवेना. माझी आई, एवढ्या मोठ्या वॉर्डात, जीभ बाहेर काढून उभी होती.

मग तिनं दुसरा घास केला आणि माझ्या तोंडापुढे धरला.  तिच्या बोटांचा वास आला. मेथीचा नव्हता, नुसता हळदीचा आणि तिचा.

मी तोंड उघडलं.

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. दुसरा घासही घेतला. तिसऱ्याला ती म्हणाली, "गरम शे का व?" मी म्हटलं, मीठ कमी आहे.